कोंडवाड्यातलं घंगाळ

आपल्या शहराला इतिहास असावा, असा ठराव संग्रहालय समितीने एकमताने मंजूर केला. सूचकाचं नाव इतिवृत्तात आहे, अनुमोदकाचं आहे, सभेत दिलेल्या चहाचीसुद्धा नोंद आहे. म्हणजे सुरुवात तरी पुराव्यानिशी झाली. शहराचं नाव कशाला सांगा! शहापूरवाले म्हणतात ते मुरबाडच्या अंगाला आहे, मुरबाडवाले म्हणतात शहापूरच्या, आणि दोघंही हे जरा घाईनेच सांगतात.

इतिहास ठेवायला जागा लागते. शहरात रिकामी म्हणावी अशी एकच इमारत होती, जुना कोंडवाडा. मोकाट गुरं धरून आणायची, आत डांबायची, मालक आला की खूण पटवून सोडायची, हे त्याचं काम. पण अलीकडे गुरं हायवेवर जाऊन बसायला लागली होती आणि हायवे पडला दुसऱ्या खात्याचा, त्यामुळे कोंडवाड्यात कुत्रंही फिरकत नव्हतं. मग भिंतींना चुना मारला, निघालं तेवढं शेण काढलं, काचेची कपाटं ठोकली आणि दारावर पाटी चढवली: 'लोकजीवन दर्शन संग्रहालय'. कोंडवाड्याचा कारकून सुयोग होताच, त्याला तिथल्या तिथे अभिरक्षक (प्रभारी) केलं. सुयोगची तक्रार नव्हती. दोन्हीकडे काम तेच, आत आलेलं रजिस्टरला चढवायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं.

कपाटं समाजवार ठेवायची ठरली आणि तिथेच दोन सभा तहकूब झाल्या. कुणाचं कपाट दाराजवळ, कुणाचं चार बोटं रुंद, यावरून जी काही जुंपली की विचारू नका. शेवटी टेप लावून सगळी कपाटं सारखी केली. मग प्रत्येक समाजाने आपापला थोर वारसा पाठवला. उघडून बघतात तो सगळ्यांनी पाठवलेलं एकच: एक जातं, एक पितळी तांब्या आणि समाजाच्या विद्यमान अध्यक्षांचा मोठा फोटो. तेही लावून झालं. उरलं कोपऱ्यातलं एक कपाट. त्यावर सुताराने हिशेबाने आधीच पट्टी ठोकलेली होती, 'इतर समाज'.

"इतर म्हणजे नक्की कोण?" सभेत कुणीतरी विचारलं.

"जे इथे बसलेले नाहीत ते," अध्यक्षांनी खुलासा केला, आणि तो सर्वांना पटला.

उद्घाटनाला आठ दिवस होते. इतर समाज शोधून आणायची कामगिरी हर्षित सरांवर आली. हर्षित सर हे कल्याणहून खास नेमलेले वारसा सल्लागार. माळशेज रस्त्यावरच्या एका रिसॉर्टला बैलगाडीचं चाक कुठे टांगावं याचा सल्ला त्यांनी दिला होता, तेव्हापासून ते या क्षेत्रात आहेत. सुयोगला जीपमध्ये घेऊन ते निघाले आणि वैशाखरे गावाच्या अलीकडे डांबर सोडून आत करवंदवाडीला पोचले.

करवंदवाडी म्हणजे बावीस घरं. घराखाली असेल तेवढीच जमीन, आणि तीही कुणाच्या नावावर आहे ते बघू नये. दिवाळी झाली की वाडी घरांना कड्या लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची ती वैशाखात परतायची. हा महिना होता पौष. वाडीत म्हातारी माणसं, कोंबड्या आणि गणू एवढेच होते. गणूचा पाय भट्टीवर मोडलेला, म्हणून वाडी राखायचं काम त्याच्याकडे. आणि घंगाळही त्याच्याकडेच होतं, कारण गेल्या वर्षी शेवटचं लग्न त्याच्या घरचं.

हे घंगाळ कुणा एकाचं नव्हे, वाडीचं. तांब्याचं, दोन कड्यांचं, बसल्या माणसाच्या गुडघ्याला लागेल एवढं. वाडीत लग्न निघालं की नवरीचं हळदीचं नाहाण त्यातल्या पाण्याने व्हायचं, आणि नाहाण झालं की नवरीच्या आईने खिळा घेऊन त्याच्या काठावर एक ठिपका ठोकायचा. मग पुढचं लग्न निघेपर्यंत घंगाळ त्याच घरी. ज्याचं कार्य असेल त्याने नारळ घेऊन यायचं, उंबऱ्यावर ठेवायचा आणि घंगाळ उचलून न्यायचं. पावती नाही, सही नाही, 'परत कधी देणार' असलं विचारणं तर मुळीच नाही. नारळ घेऊन आलेल्याला वाडीने आजवर नाही म्हटलेलं नव्हतं.

आणि नेमका हर्षित सरांच्या हातात नारळ होता. फोटोत बरा दिसतो म्हणून म्हसा गावच्या जत्रेतून येता येता घेतलेला. बोलता बोलता त्यांनी तो गणूच्या उंबऱ्यावर टेकवला.

गणू उठून बसला. "कार्य हाय का तुमच्याकडं?"

"हो, हो! मोठं कार्य आहे. मंत्री येणार आहेत."

"मांडव घातला?"

"घातला ना. वॉटरप्रूफ."

"आन जेवान?"

"बुफे आहे."

गणूने आत जाऊन घंगाळ काढून आणलं, पदराने पुसावं तसं आपल्या टॉवेलने पुसलं आणि "पोरगी सुखात रावो तुमची" म्हणून हवाली केलं. सुयोगने दानपत्र पुढे केलं, गणूने अंगठा दिला. शहरात नारळाबरोबर अंगठाही लागत असेल, असं त्याला वाटलं. चूक म्हणाल तर एवढीच झाली, आणि ती करवंदवाडीचा कुणीही माणूस करता.

वैशाखात वाडी परतली. जनाबाई आली ती लगीनघाईतच. तिची एकुलती सावळी शुक्रवारी बोहल्यावर चढणार होती. नवरा भरत, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीचा. भट्टीवर दोघांनी एकत्र विटा थापल्या होत्या आणि जमलं होतं. पोरगा निर्व्यसनी, पोरगी कामाची, बोलायला जागा नव्हती.

आता या सावळीच्या कागदपत्रांची गंमत सांगायला हवी. ती जन्मली भट्टीवर, मातीच्या ढिगाआड. तिथलं गाव म्हणालं नोंद तुमच्या गावात करा, इथलं गाव म्हणालं जन्म झाला तिथे करा. शाळेत गुरुजींनी चेहरा बघून वय लिहिलं. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी. रेशनकार्डावर ती 'सावळाराम', लिंग पुरुष. दुरुस्तीला सहा खेपा झाल्या, तेव्हा पुरुषाची स्त्री झाली पण वय बावन्न झालं. या पोरीची जगात एकच नोंद बरोबर व्हायची होती, ती घंगाळाच्या काठावर. लहान असल्यापासून ती तिथे बोट फिरवायची. "आये, ह्यो तुजा ठिपका ना? मंग माजा कुठं?" जनाबाई शेवटच्या ठिपक्याच्या पुढची कोरी जागा दाखवायची. "ह्यो बग. ठेवलाय तुज्यासाठी."

तर सोमवारी नारळ घेऊन जनाबाई गणूच्या दारात गेली आणि तो उंबऱ्यावर ठेवला.

"घंगाळ नाय गो वयनी," गणू म्हणाला. "गेलाय लग्नाला."

"कुनाच्या?"

"शेराकडच्या. म्युझियम का काय, त्यांच्या."

"पौषात? पौषात लगीन कोन करतं रे भावजी?"

हे गणूच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तो कपाळावर हात मारून घेत बसला, आणि जनाबाईने त्याला शिव्या घातल्या त्या काही इथे देत नाही. पण शिव्या देऊन झाल्यावर तिला धीर आला. त्यात अवघड काय आहे? आधीचं कार्य त्यांचं झालं, आताचं आपलं. रीत ठरलेली. नारळ न्यायचा, ठेवायचा, घंगाळ उचलायचं.

मंगळवारी सकाळच्या गाडीने ती शहरात आली. कोंडवाडा तिच्या ओळखीचा होता, पूर्वी तिच्या बापाची शेळी इथून सोडवून नेली होती. आत शिरली तर कोपऱ्यात काचेमागे घंगाळ! घासूनपुसून लखलखीत, वरून दिवा सोडलेला, खाली मखमल. तिला अगदी भरून आलं. हात लावायला गेली तर काच. तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय." एक जोडपं मोबाइल धरून उभं होतं. ती बाजूला झाली. त्यांनी घंगाळाबरोबर चार फोटो काढले आणि गेले.

मग तिने सुयोगच्या टेबलासमोरच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला. "साहेब, लगीन हाय शुक्रवारचं. घंगाळ न्याया आली."

सुयोगने नारळाकडे बघितलं. संग्रहालयात आलेली वस्तू चोवीस तासांच्या आत दाखल करावी, असा नियम. त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: 'दाखल क्रमांक २१२. नारळ, एक, शेंडीसह. स्थिती चांगली.' आणि नारळाला २१२ ची चिठ्ठी चिकटवून तो कपाटात ठेवला.

"आता घंगाळ?"

"ते कसं देता येईल, मावशी? ते दोनशे अकरा आहे."

"मंग माजा नारळ तरी दे."

"तो दोनशे बारा आहे."

जनाबाई हुशार बाई. आवाज चढवून उपयोग नाही हे तिने ओळखलं. कपाटाकडे बोट करून म्हणाली, "त्या पाटीवर काय लिवलंय, वाचून तरी दाव."

सुयोगने वाचलं. "कालगणना पात्र. तांबे. अंदाजे दोन हजार वर्षे जुने. काठावरील चौसष्ट ठिपके, पैकी एक झिजलेला, हे नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी मार्गावरील चांद्र कालगणनेचे निदर्शक असावेत. इतर समाज, कंसात नामशेष."

"नामशेष म्हंजी?"

"म्हणजे... आता त्यांच्यातलं कुणी उरलेलं नाही."

"मंग मी कोन?"

सुयोगने पाटीकडे बघितलं, जनाबाईकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. पण पाटी ॲक्रिलिकची होती. "हे समितीपुढे ठेवावं लागेल," तो म्हणाला.

समिती योगायोगाने बुधवारीच बसणार होती. हर्षित सरही आले होते. जनाबाईला स्टूल दिलं, पाणी दिलं. अध्यक्ष फार सौजन्याने वागले, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. घंगाळ टेबलावर आणवलं आणि जनाबाईला म्हणाले, "बोला."

जनाबाईने काठावर बोट ठेवलं. "ह्यो पयला सुंदराचा. ती माजे बापाची आत्या. ह्यो तिचे चुलतभैनीचा. हे दोन जवळजवळ हायेत ते शकू आन तिची भैन, एकाच मांडवात झाल्या. ह्यो वाकडा हाय ना, ह्यो प्रेमाचा. ठोकताना तिची आय रडत हुती, हात हालला. ह्यो माजा." बोट फिरत राहिलं. मधे एकदाही अडलं नाही. त्रेसष्टावा गणूच्या लेकीचा. "आन ही मोकळी जागा माजे सावळीची."

हर्षित सरांचे डोळे पाणावले होते. "अप्रतिम!" ते म्हणाले. त्यांनी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. "म्हणजे बघा, मौखिक परंपरा अजून जिवंत आहे! मूळ कालगणना विस्मृतीत गेली, पण तिच्याभोवती लोकांनी किती सुंदर दंतकथा रचली!"

"दंतकथा नाय वो. भिमीच्या लग्नाला मी सोता पानी घातलंय. जिती हाय भिमी, बाजारात बसते मासळी घेऊन."

"तेच तर सौंदर्य आहे," हर्षित सर म्हणाले.

इतिवृत्तात नोंद झाली: 'परंपरा जिवंत आढळली. समाज नामशेष. सबब वस्तूवर दावा करण्यास पात्र असे कोणी अस्तित्वात नाही.'

"पन मी हाय ना?" जनाबाई उभी राहिली. "हितं बसलीय की तुमच्याम्होरं!"

"वैयक्तिक पातळीवर तुम्ही आहातच," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "आम्ही कुठे नाकारतोय? पण समाज म्हणून असायचं तर नोंदणी लागते, कार्यकारिणी लागते, लेटरहेड लागतं. तुमचे अध्यक्ष कोण?"

वाडीला अध्यक्ष नव्हता. त्याची कधी गरजच पडली नव्हती. अर्ज करा, पुढच्या सभेत घेऊ, असं ठरलं. पुढची सभा भाद्रपदात होती. एका सदस्याने स्टीलचं घंगाळ घ्यायचा व्यवहारी सल्ला दिला. निघताना हर्षित सर तिच्यामागे धावत आले आणि तिच्या हातात एक कीचेन ठेवली. त्याला अंगठ्याएवढं घंगाळ लोंबत होतं, संग्रहालयाच्या दुकानात विकायला ठेवलेलं. "आमच्याकडून सप्रेम भेट," ते म्हणाले. "यावर चौसष्टच्या चौसष्ट ठिपके आहेत."

संध्याकाळी सावळीने ती कीचेन बघितली आणि मांडवाच्या खांबाला पाठ लावून बसली. "मी नाय बसनार पाटावर."

"असं नको गो बोलू. हंड्यातल्या पान्यानं घालू नाहाण. पानी तेच हाय."

"पानी तेच हाय, ठिपका कुठं घालशील? हंडा भाड्याचा हाय." तिने कीचेन आईच्या पुढ्यात टाकली. "आये, साऱ्या कागदावर मी चुकीची हाय. मी बाप्या हाय, मी बावन वर्साची हाय. येका जागी तरी बरोबर लिव की मला!"

जनाबाईला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना, कारण सगळे इतके गोड बोलले होते. ती रात्रभर तळमळली. गुरुवारी पहाटे गणूला म्हणाली, "ऊठ. तूच दिलंस, आता चल माज्यासंगं."

दोघं जाऊन संग्रहालयाच्या दारात बसली. बोलली नाहीत, मागितलं नाही, नुसती बसली. दारात करवंदं विकणारी भागी होती, तिने पानभर करवंदं पुढे केली, तीही तशीच राहिली. आत सुयोगने दुपारी डबा उघडला आणि मिटला. एकवीस वर्षं त्याने कोंडवाडा सांभाळला होता. गुराचा मालक दाराशी कसा बसतो आणि गुराकडे कसा बघतो, हे त्याला पाठ होतं. आणि ही बाई अगदी तशी बघत होती.

तो उठला, मागच्या फडताळातून जुनं दप्तर काढून त्यावरची धूळ झटकत बसला. मग संग्रहालयाचा ठराव काढला. तो दोनदा वाचला. 'कोंडवाड्याच्या इमारतीत संग्रहालय सुरू करण्यात यावे.' सुरू करण्यात यावे, बरोबर. पण कोंडवाडा बंद करण्यात यावा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! म्हणजे कायद्याने हा अजून कोंडवाडाच होता, आणि तो कारकूनही. संग्रहालयाच्या नियमांत वस्तू मालकाला सोडायची तरतूद नव्हती. कोंडवाड्याच्या नियमांत सोडण्याशिवाय दुसरी तरतूदच नव्हती.

"मावशी," त्याने दारात येऊन विचारलं, "तुमचं काही आमच्याकडे डांबलं गेलंय का?"

जनाबाईने मान वर केली. "हाय. घंगाळ."

"मग सरळ सांगायचं ना. या आत. सुटकेचा अर्ज भरू."

अर्ज छापील होता. जनावराचा प्रकार: गाय, बैल, म्हैस, शेळी, इतर. सुयोगने पेन थांबवलं, आणि 'इतर'वर बरोबरची खूण केली. या एका शब्दाने आयुष्यात प्रथमच जनाबाईचं काम सोपं झालं.

"रंग?"

"तांबडा."

"शिंगं?"

"नाय."

"कान?"

"दोन हायेत की. कड्या."

"स्वभाव? मारकं वगैरे?"

"गरीब हाय वो," गणू कळवळून म्हणाला.

"मालकाने पंचांसमक्ष खूण पटवायची." पंच म्हणून गणू आणि भागी उभे राहिले. जनाबाईने सुंदरापासून गणूच्या लेकीपर्यंत त्रेसष्ट नावं पुन्हा घेतली. सुयोग एकेका ठिपक्यावर पेन्सिल टेकवत गेला आणि शेवटी लिहिलं: 'खुणा त्रेसष्ट. सर्व पटल्या. झिजलेली एकही नाही.' चाऱ्याचा खर्च निरंक. कारकुनाची सही, शिक्का. शिक्क्यावर बैलाचं चित्र होतं, ते अर्जावर 'इतर'च्या शेजारी जरा मोठं उमटलं, पण चालण्यासारखं होतं.

"एक अट आहे. दाव्याशिवाय जनावर दाराबाहेर सोडता येत नाही."

दावं होतं, म्हशाच्या जत्रेतलं, खुंटीला टांगलेलं. सुयोगने ते स्वतः कडीला बांधलं. मग भर बाजारातून ही वरात निघाली: जनाबाईच्या डोक्यावर घंगाळ, घंगाळाच्या कडीला दावं, आणि दाव्याचं टोक धरून मागे लंगडत गणू. लोक बघत होते. एकाने विचारलंच, "कुठं नेता बांधून?" गणू म्हणाला, "पळून जाया नको म्हनून."

शुक्रवारी सावळीचं नाहाण झालं. हळदीचं पाणी अंगावर पडलं तशी ती हसली, ती लग्न लागेपर्यंत हसतच होती. जनाबाईने खिळा धरला. हात तिचाही हालला, पण ठिपका सरळ बसला, जरा खोलच. सावळीने ओल्या बोटाने तो चाचपला. "ह्यो माजा," ती म्हणाली. आयाबायांनी गाणी म्हटली, भरतच्या वाडीचे पाहुणे पोटभर जेवले आणि गणूने सर्वांना खुणा पटवल्याची हकिगत सात वेळा सांगितली.

आषाढात सावळी माहेरी आली होती, तेव्हा वाडीत जीप आली. संग्रहालयात वरून कोणी बडे पाहुणे पाहणीला येणार होते आणि 'इतर' पुन्हा रिकामं. हर्षित सर उतरले, मागे खाली मान घालून सुयोग. सरांच्या हातात नारळ होता. तोच. २१२ ची चिठ्ठी अजून शाबूत होती, कारण तो रीतसर तात्पुरता बाहेर काढलेला होता. त्यांनी तो जनाबाईच्या उंबऱ्यावर ठेवला.

"देऊ नको आये," सावळी आतून म्हणाली. "परत नाय मिळायचं."

जनाबाईने नारळाकडे बघितलं. "उंबऱ्यावं नारळ हाय गो," ती म्हणाली. "ह्यांना रीत नाय म्हनून आपन पन सोडायची? मंग पाटीवर लिवलंय ते खरंच होईल." तिने घंगाळ आणून दिलं. "पन वाडीत लगीन निघालं की मी येनार."

"अवश्य या," हर्षित सर म्हणाले. "सुट्टीचे दिवस सोडून, कार्यालयीन वेळेत." मग सवयीने त्यांनी काठ मोजला आणि ओरडलेच, "चौसष्ट! सुयोग, चौसष्ट! मी म्हणत नव्हतो एक झिजलेला आहे? घासल्यावर वर आला!"

"त्यो माजे सावळीचा हाय वो," जनाबाई म्हणाली. "ही बगा, हितं उभी हाय."

सरांनी लगबगीने मोबाइल काढला. "पुन्हा बोला ना ताई. परंपरेत नवी भर पडतेय."

त्यानंतर वाडीत तीन लग्नं झाली. तिन्ही वेळा जनाबाई नारळ आणि दावं घेऊन गेली, सुयोगने अर्ज भरला, 'इतर'वर खूण केली, आणि तिन्ही वेळा जीप नारळ घेऊन मागे आली. आता काठावर सदुसष्ट ठिपके आहेत. पाटीवर चौसष्टच. ती बदलायची गरज पडलेली नाही, कारण आजवर आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही ते मोजलेले नाहीत.

तुम्ही कधी माळशेजला निघालात तर वाटेत थांबा, बघण्यासारखं आहे. कोपऱ्यातलं कपाट, वरून दिवा, खाली मखमल. वाडीत लग्न निघालेलं असलं तर काचेपाशी एक बाई उभी असेल, हातात नारळ, खांद्यावर दावं. तुम्हाला फोटो काढायचा असेल. तुम्ही म्हणाल, "मावशी, जरा बाजूला व्हा ना." ती होईल, तिला सवय आहे. फोटो छान येतो. घंगाळ सगळं दिसतं, आणि खालची पाटी तर अगदी स्पष्ट वाचता येते: इतर समाज, नामशेष.